उजवीकडचा मागचा कोपरा

एका बाईचा देव मी सलग एकतीस वर्षं चालवला. हे वाक्य नातीला वाचून दाखवलं, तर मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "आजी, तू तो भारे चालू छे." तिचं मराठी घराच्या दाराबाहेर पडलं की गुजराती होतं, आणि हल्ली ते दार बंदच नसतं. पण बोलली ते खोटं नाही. पुढचं मात्र मी तिला वाचून दाखवलं नाही. त्या कारभारात एक माणूस गेला.

ती बाई म्हणजे आमची घरमालकीण. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणते. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. बडोद्याच्या फत्तेगंजात नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीत त्यांचं बैठं घर, त्यावर मागाहून चढवलेल्या दोन खोल्या आणि गच्ची. खाली सिस्टर आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही लग्नाच्या वाटेला न गेलेली. भावाला आम्ही दादा म्हणायचो. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात ते माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या लेथवर होते. दोघं सायकलीने बरोबर जात, बरोबर येत, आणि अशाच एका येण्यात वरच्या खोल्या आम्हाला मिळाल्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. स्वतःला फार सुधारलेली समजत होते. ख्रिस्ती मालकिणीच्या घरात राहायला तयार झाले, याबद्दल वाडी भागातल्या माझ्या माहेरच्यांकडून कौतुकाची वाट बघत होते. आणि इतकी सुधारलेली मी, पहिल्या दिवशी सिस्टरनी वर पाठवलेला चहा कोणी बघत नाही असं बघून तुळशीत ओतला. खालून आवाज आला, "पोरी, तुळशीला साखर मानवत नाही. उद्यापासून बिनसाखरेचा पाठवते." दुसऱ्या दिवशी खरंच बिनसाखरेचा आला. तो मी मुकाट्याने प्यायले. प्यायला लागल्यावर मग सात-आठ दिवसांनी साखर परत आली.

ओळख झाल्यावर माणसं 'केम छो' म्हणतात, सिस्टर म्हणायच्या, "जीभ दाखव." लहानमोठा हा भेद नाही. एका लग्नात त्यांनी नवरीला स्टेजवर जीभ दाखवायला लावली, बघितली, आणि अहेराचं पाकीट हातात देत म्हणाल्या, "रक्त कमी आहे. पालक खा." सकाळी पेपर आला की आधी शेवटून दुसरं पान, तिथले मेलेल्यांचे फोटो, आणि हातात पेन्सिल. "अल्प आजाराने म्हणे. अल्प कसला, तीन वर्षं साखर होती त्याला." असं पुटपुटत त्या 'अल्प'वर काट मारायच्या. मेलेल्या माणसाची सुद्धा नोंद चुकीची जाऊ नये, असा कटाक्ष.

प्रार्थनाही तशीच. मी देवापुढे बसून मागते, त्या उभ्याने अहवाल द्यायच्या. सकाळी सहाला, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, दोन्ही हात मागे बांधून, जशी रात्रपाळीची नर्स दिवसपाळीच्या नर्सला वॉर्ड सोपवते. जिन्यातून मला सगळं ऐकू यायचं. "प्रभू, दादाचं पोट काल साफ झालं नाही. वरच्या पोरीचा खोकला कमी आहे, पण औषध घेत नाही, खोटं बोलते. समोरच्या कांतिभाईंच्या बायकोला बघून घ्या. बाकी ठीक." मी वर उशीत तोंड खुपसून हसत असे. खोकला यायचा तो मात्र दाबता यायचा नाही.

आता पेटी. शिवणाच्या मशिनीबरोबर येणारी रिळांची लाकडी पेटी, त्यात कागदाच्या दीडशे-दोनशे सुरळ्या दाटीवाटीने उभ्या केलेल्या, अगरबत्तीच्या तुकड्यांएवढ्या. सिस्टरच्या आईने दौतीत टाक बुडवून प्रत्येकीवर त्यांच्या शास्त्रातली एकेक ओळ लिहिलेली. वर्षाच्या पहिल्या दिवशी, उपासनेहून आल्यावर, घरातल्या प्रत्येकाने त्यातली एक चिठ्ठी काढायची. जी निघेल ती देवाने त्या वर्षासाठी दिलेली. पुष्कळ ख्रिस्ती घरांत अशी पेटी असते, आणि तीत सगळी गोड वचनं असतात. सिस्टरच्या आईला गोडाचं वावडं असावं. तिने निम्मी वचनं घातली होती आणि निम्मे हुकूम. 'मी तुला सांभाळीन' हे वचन. 'ऊठ आणि चालू लाग' हा हुकूम.

काढायचा विधीही सिस्टरचाच. वॉर्डातला जुना लांब चिमटा आधी दहा मिनिटं उकळायचा. मग डोळे घट्ट मिटून पेटीच्या उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात घालायचा. दरवर्षी तोच कोपरा. का, तर पित्याचा उजवा हात तिकडे. मी म्हटलं, "आणि पेटी उलटी फिरवली तर?" त्या म्हणाल्या, "जीभ दाखव."

चिठ्ठी निघाली की ती वर्षभर अक्षरशः पाळायची. एके साली निघालं, 'अनोळख्याला घरात घे.' त्याच संध्याकाळी त्या स्टेशनवर जाऊन एक टकलू गृहस्थ घेऊन आल्या. सहा महिने तो खालच्या खोलीत राहिला, दादांबरोबर रोज रमी खेळला, आणि एक दिवस त्यांचा प्रेशर कुकर घेऊन निघून गेला. मी हळहळले. सिस्टर म्हणाल्या, "मला त्याला घेण्याचा हुकूम होता. ठेवून घेण्याचा नव्हता." दादा बाजेवरून म्हणाले, "अक्का, पुढच्या साली आधी कुकर कुलपात ठेवत जा, मग देवाचं ऐक."

दुसऱ्या एका साली निघालं, 'तू गप्प राहा.' आणि सिस्टर गप्प राहिल्या. जानेवारीपासून ईस्टरच्या सकाळी 'प्रभू उठला' म्हणणं भाग पडेपर्यंत एक शब्द नाही. वॉर्डात पाटी-पेन्सिल घेऊन फिरल्या. डॉक्टर चिडले, पेशंट खूश होते. मला मात्र ते सोसलं नाही. तेव्हा मी छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि सहाचा अहवाल ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे मला त्या तीन महिन्यांत कळलं. जिन्यात कान देऊन उभी राहायचे, खालून फक्त इस्त्रीच्या साडीची सळसळ.

पुढच्या डिसेंबरात त्यांनी पेटी वर आणून माझ्या फडताळात ठेवली. दर डिसेंबरला ठेवायच्या. "आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं नाताळच्या करंज्या खायला येतात आणि वाकून बघतात. तुला त्यातलं काही कळत नाही, तुझ्याकडे बरी." मला कळत नव्हतं हे खरं, पण वाचता येत होतं. मी दुपारी स्वयंपाक आटपून पेटी उघडली, एकेक सुरळी सोडवून वाचली, 'तू गप्प राहा' शोधून काढली आणि मोहरीच्या जुन्या डब्यात टाकली. मग उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात चार-पाच मऊ वचनं निवडून ठेवली. आनंद, शांती, भरलेलं पात्र, असलं काहीतरी. सिस्टरना त्या साली 'आनंद करा' निघालं. त्यांनी वर्षभर आनंद केला. नळ दुरुस्त करून दिला, गच्चीवर लोणच्याच्या बरण्या ठेवू दिल्या. मला वाटलं, यात कुणाचं काय गेलं?

अशी चटक लागते. दर डिसेंबरला मी पुढच्या वर्षाचा देव ठरवू लागले. नवरा म्हणाला, "अगं, हे पाप आहे." मी म्हटलं, "आपल्यात नाही." कडक हुकूम एकेक करून मोहरीच्या डब्यात जात राहिले. ते शहाणपण आहे असं मला वाटायचं. आता आठवलं की त्या बाईचा, म्हणजे माझा, कान पकडून तिला पाटी-पेन्सिल द्यावीशी वाटते.

वर्षं गेली. सिस्टर निवृत्त झाल्या. दादांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. बारा वर्षं ते बाजेवर होते, आणि सिस्टर एका पेशंटचा वॉर्ड चालवत होत्या. वेळच्या वेळी कूस बदलणं, पावडर, चार्ट. नव्वद किलोचा माणूस, पण पाठीला एक फोड नाही. माझा नवरा गेला, मुलं उडाली, मी वरच्या दोन खोल्यांत एकटी. मुलगा वाघोडिया रोडवरच्या फ्लॅटमध्ये बोलवत होता. सातवा मजला, सून चांगली, वेगळी खोली. पण मला माझी गच्ची सोडायची नव्हती. तिथे बसलं की मी कोणाची तरी सासू नसे.

त्या नाताळाच्या आधी त्यांच्या चर्चचे पाळक आले. त्यांनी पादरा रोडवरच्या वृद्धाश्रमात दोन खाटा मिळवल्या होत्या, शेजारीशेजारी. उंचावरची जागा, उचलायला माणसं, डॉक्टर रोज. घर विकायचं. सिस्टर चौऱ्याऐंशीच्या होत्या, दादांना वळवताना त्यांचे हात थरथरायला लागले होते. मी जिन्यात उभी. पाळक म्हणाले, "काय ते या महिन्यात कळवा, सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "पहिल्या तारखेला कळवते. त्याला विचारून."

त्याला म्हणजे मला.

मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरवय. पेटी फडताळातून काढताना मी दहादा विचार केला असेल, अशी वाचणाऱ्याची समजूत असेल तर ती काढून टाकावी. मी भाजी फोडणीला टाकता टाकता ते काम केलं. घर सोडायला लावील असा 'ऊठ आणि चालू लाग' हा एकच हुकूम राहिला होता, तो डब्यात टाकला. आणि कोपऱ्यात राखण्याची, सांभाळण्याची, थांबण्याची वचनं रचली. मग हात धुतले.

पहिल्या तारखेला मी खाली गेले. चिमटा उकळला. सिस्टरनी डोळे मिटले आणि चिमटा पेटीवर धरला. मला आठवतंय, या वेळी तो जरा डावीकडे रेंगाळला. मग उजवीकडे गेला, मागे, कोपऱ्यात. चिठ्ठी मी वाचली. तू धीर धरून माझा शब्द पाळलास, म्हणून साऱ्या जगावर परीक्षेची घटका येईल तेव्हा मी तुला राखीन, अशा अर्थाचं काही होतं. सिस्टरनी ती माझ्याकडून परत एकदा वाचून घेतली. मग दादांसाठी काढली. पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्यासोबत असेन. ती चिठ्ठी मी कोपऱ्यात का ठेवली? वाचायला छान वाटली म्हणून.

"म्हणजे इथंच राहायचं," सिस्टर म्हणाल्या.

"मला तर कुठं पळता येतंय," दादा म्हणाले.

मी वर जाऊन बासुंदी केली.

ऑगस्टात नदी आली. बडोद्यात नदी येते म्हणजे काय ते इथल्याला सांगायला नको. विश्वामित्री फुगते, वरच्या तलावाचं पाणी सोडतात, नदीतल्या मगरी रस्त्यावर येतात, रिक्षा भोंगे घेऊन फिरतात, आणि आमची गल्ली म्हणते, दरवर्षी येतं, दारापुढच्या दुसऱ्या पायरीला शिवून जातं. आदल्या दिवशी कांतिभाई बायकोला घेऊन मुलीकडे गेले. जाताना म्हणाले, "सिस्टर, चालो ने, टेम्पो छे." सिस्टर म्हणाल्या, "टेम्पोत दादाला झोपवता येणार नाही. आणि आम्हाला वचन आहे." मी त्यांच्या मागेच उभी होते. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं.

सकाळी सातला पाणी दुसऱ्या पायरीला शिवलं आणि गेलं नाही. नऊला उंबऱ्यात आलं. बाजेखाली विटा घातल्या. दहाला विटा बुडाल्या. गल्लीत कुणी नव्हतं, फोनला रेंज नव्हती, बोटी मोठ्या रस्त्यावरून जात होत्या, त्यांचा फक्त आवाज यायचा. एक सदुसष्टची, एक चौऱ्याऐंशीची. आम्ही दादांना चादरीत घेतलं आणि ओढत, तरंगवत जिन्यापर्यंत आणलं. पाण्यात माणूस हलका होतो. पाण्याबाहेर तो पुन्हा नव्वद किलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते केले, आणि चौथी पायरी काही आमच्याने चढवेना. सतरा पायऱ्यांचा जिना. तीन झाल्या होत्या.

सिस्टर चौथीवर बसल्या, दादांचं डोकं मांडीत, हात त्यांच्या काखेत. मी सातवीवर, चादरीचं टोक कठड्याला बांधून, सुटू नये म्हणून गाठ हातात. अकराला पाणी दादांच्या कमरेला, बाराला छातीला. उघड्या दारातून दिसलं, फाटकावरून एक मगर गेली, फार घाई नसल्यासारखी.

दादा म्हणाले, "अक्का, माझ्या चिठ्ठीत पाणी होतं ना गं?"

"होतं."

"आणि सोबतीला कोणीतरी येणार होतं."

"हो."

"मग आली बघ. बोलाव आत, चहा घेईल."

मी हसले. देवाशपथ, मी हसले, आणि सिस्टरही. मग दादांचे दात वाजायला लागले. सिस्टरनी माझ्याकडे न बघता विचारलं, "वर रॉकेल आहे?" मी म्हटलं, "चहा करून आणते." त्या म्हणाल्या, "सोडू नकोस गाठ." मी सोडली नाही. चहा केला नाही.

दुपारी एकनंतर पाणी चढायचं थांबलं. छातीच्या वर ते आलंच नाही. गळा कोरडा होता, तोंड कोरडं होतं. पण थंडी आतपर्यंत गेली असावी. दादा मधेच म्हणाले, "वहिनी, तुमच्या बासुंदीत त्या दिवशी वेलदोडा जास्त झाला होता," आणि मग काही बोलले नाहीत. सिस्टरची दोन बोटं त्यांच्या मानेवर होती, कितीतरी वेळ. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वर तोंड करून, अहवालाच्या आवाजात म्हणाल्या, "प्रभू, तीन वाजून दहा मिनिटं."

बाकी ठीक, असं म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आली, तोवरचं मी लिहिणार नाही.

चिखल काढताना पेटी सापडली, पलंगाखाली उपडी. सिस्टरनी सुरळ्या माझ्या गच्चीवर साडी अंथरून सांडग्यांसारख्या वाळत घातल्या. आईची शाई, टाकाने लिहिलेली. एकेक उलगडून पाहिली तर सगळे कागद कोरे, नुसता निळसर फुगारा. एक अक्षर राहिलं नव्हतं. सिस्टर त्या कोऱ्या सुरळ्या पुन्हा पेटीत उभ्या करून ठेवू लागल्या, एकसारख्या, जागच्या जागी. मी ओट्यापाशी उभी होते आणि माझ्या हाताशी मोहरीचा डबा होता. गावभर पाणी आलं आणि अकरा चिठ्ठ्या तेवढ्या सुक्या राहिल्या. मी चोरलेल्या.

मी काही बोलले नाही. पाच वर्षं बोलले नाही.

सिस्टर पादरा रोडच्या आश्रमात गेल्या. दोनपैकी एकच खाट लागली. घर विकलं गेलं. आणि मी, गच्ची सुटू नये म्हणून देवाच्या सह्या करणारी, सातव्या मजल्यावर आले. इथे पाणी चढत नाही. कधीकधी तर टँकरही चढत नाही.

महिन्यातून एकदा मी त्यांना भेटायला जायची. त्यांचे डोळे गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या बायांना जवळ बोलावून जीभ दाखवायला लावत आणि बोटाने चाचपून बघत. सहाचा अहवाल चालू होता, झोपूनच. पण दादांच्या जागी एक जागा रिकामी सोडायच्या, श्वासभर, आणि मग पुढे जायच्या. दर वेळी मी सांगायचं ठरवून जायची आणि चिक्कू देऊन परत यायची.

या जानेवारीत डबा पिशवीत घालून नेला. पहिल्या तारखेची दुपार होती. त्या नव्वदीच्या, उशाला पेटी आणि चिमटा, पेटीत कोरे कागद.

"सिस्टर, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या चिठ्ठ्या, दर डिसेंबरला..."

"हिंग," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"तुझ्या हाताला हिंगाचा वास असतो पोरी. जन्मभर स्वयंपाक करून आलेला. दरवर्षी त्या कोपऱ्याला हिंगाचा वास यायचा. डोळे मी मिटलेले असायचे, नाक नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षीपासून. वाटलं, येऊ दे. त्याला एखादीचा हात वापरायचा असेल. तू काही वाईट ठेवत नव्हतीस."

"पण त्या वर्षी..."

"त्या वर्षी मी चिमटा आधी डावीकडे नेला होता." त्यांनी हाताने चादर सारखी केली. "तिकडे वास नव्हता. तिकडे काय निघालं असतं कुणास ठाऊक. मला घर सोडायचं नव्हतं. दादाला दुसऱ्या कुणी पुसावं, उलटं करावं, मला बघवलं नसतं. माझा वॉर्ड होता तो. मला ठाऊक होतं तुलाही जायचं नाही. म्हणून मी जिथे हिंग होता तिथे गेले."

मी रडायला लागले. वय झालं की रडण्याचा आवाज फार विचित्र येतो.

"गप. माझा वाटा तू घेऊ नकोस, आणि तुझा मी घेणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "दोघींनी मिळून केलं. बिल दादाने भरलं."

डोळे पुसून मी विचारलं, "मग ते वचन? राखीन म्हणालं होतं ते?"

"ते खरं आहे. म्हणून तर लाज वाटते. धीर धरणाऱ्याला तो राखतो. मी धीर कुठं धरला? मी कोपरा धरला." मग म्हणाल्या, "पिशवीत काय वाजतंय?"

मी डबा त्यांच्या हातात दिला. झाकण काढून त्यांनी आत बोट फिरवलं, सुरळ्या मोजल्या, नाकाशी नेल्या. "मोहरी," त्या म्हणाल्या. "किती छान ठेवल्यास. आईचं अक्षर आहे अजून?"

"आहे."

"मग यातली काढू. चिमटा उकळून आण."

आश्रमाच्या स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात चिमटा उकळताना तिथली बाई म्हणाली, "मासी, आ शुं करो छो?" मी म्हटलं, "देवाचं काम आहे," आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्या वेळी कोपरा नव्हता, डबा गोल होता. चिमटा दोनदा काठाला खणखणला. सिस्टरनी डोळे मिटले, आंधळे डोळे, आणि नाकही दोन बोटांनी चिमटीत धरलं. एक सुरळी निघाली. मी उलगडली. त्यावर लिहिलं होतं, ऊठ आणि चालू लाग.

त्यांना दिसत नव्हतं. आनंद करा, असं वाचलं असतं तरी चाललं असतं. मी तुला राखीन, असं म्हटलं असतं तर त्या रात्री त्यांना झोप लागली असती. एकतीस वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. सिस्टर वाट बघत होत्या, तोंड माझ्याकडे करून.

"ऊठ आणि चालू लाग," मी वाचलं.

दीड वर्षात सिस्टर खाटेवरून उतरल्या नव्हत्या. मग त्यांनी पांघरूण बाजूला केलं, काठीसारखे दोन्ही पाय खाटेखाली सोडले, आणि पावलांनी फरशी चाचपायला लागल्या.

"चपला कुठायत माझ्या?"

खाटेखाली अगदी मागे होत्या, धूळ बसलेल्या. मी खाली बसले, पदराने पुसल्या आणि त्यांच्या पायांत घातल्या. डावीचा पट्टा सैल होत होता. तो एक भोक आत घेतला.